कडेचे पास

शालन गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी मिरजेच्या मैदानावर अफसाना मुलाणीवर ओरडत होतो.

"हाताला तूप लावून आलीयास काय गं? छातीवर आलेला बॉल सोडतीस?"

तिनं तोंड उघडलं नि मिटलं. नुसती माझ्याकडं बघत उभी राहिली.

"बघतीस काय? जा जागेवर!"

जिल्ह्याच्या शालेय रग्बीची फायनल होती. मी येळवडीच्या हायस्कूलमध्ये खेळाचा मास्तर होतो आणि मुलींचा संघ मीच उभा केला होता. रग्बीत बॉल हातानं पुढं फेकायचा नसतो. एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला असा बाजूला नि मागं पास देत तो कडेपर्यंत न्यायचा, आणि कडेच्या पोरीनं तो घेऊन रेषेलगत सुटायचं. तिच्या हातून निसटून पुढं पडला, की समोरच्यांचा झाला. बाकीच्यांनी अंगावर मार खाऊन केलेलं सगळं वाया.

अफसाना आमच्या डाव्या कडेला खेळायची. नववीतली, काटकुळी. तिच्याइतकं पळणारी पोरगी मी माझ्या नोकरीत बघितली नाही. त्या दिवशी पहिल्या हाफमध्ये तिनं दोनदा शेवटच्या रेषेपलीकडं जाऊन बॉल टेकवला आणि गुण मिळवले. दुसऱ्या हाफमध्ये तिच्याकडं आलेला एकही पास तिच्या हातात राहिला नाही. आतल्या बाजूनं तिला पास देणारी प्रणोती घोरपडे, कप्तान, शेवटी वैतागून म्हणाली, "सर, हिला बाहेर काढा. हिचं ध्यानच न्हाई."

बदलायला पोरगी नव्हती. आम्ही हरलो.

तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, "येळवडी हायस्कूलच्या लोंढे सरांनी टेबलाकडं यावं." मला वाटलं, प्रमाणपत्रांवर सह्या असतील. टेबलाजवळच्या गृहस्थांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. पलीकडून आमच्या मुख्याध्यापक कुंभार मॅडम बोलत होत्या.

"सर, वहिनींना बरं नाही. पोरींना घेऊन निघा तुम्ही."

"काय झालंय?"

"निघा तुम्ही."

"मॅडम, आहे का गेली?"

पलीकडं त्यांनी दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "गेल्या, सर."

मी वळून बघितलं. पोरी मैदानाच्या कडेला सामानाच्या पिशवीभोवती बसून बूट काढत होत्या. मी त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं. तरी अफसाना रडत होती. हरलो म्हणून रडते, असं मला वाटलं.

शालन एरवी प्रत्येक मॅचला यायची. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणायची, पाण्याच्या बाटल्या भरायची, पोरींच्या वेण्या घालायची. पोरी तिला काकी म्हणायच्या. त्या दिवशी सकाळी दशम्यांचं फडकं माझ्या हातात देत ती म्हणाली, "अंग जड झालंय. आज तुम्हीच जावा." मी बरं म्हणालो. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात ती एकटीच राहिली.

टेम्पोतून परत निघालो. उपविजेत्यांचा कप प्रणोतीच्या मांडीवर होता, तो खड्ड्यात आदळला की वाजायचा. तिनं तो ओढणीत गुंडाळला.

घरी शेजारच्या सावंत वहिनी होत्या. त्यांनीच तिला आधी बघितलं होतं. रडत रडत सांगत होत्या, "दळण मागायला आले तर दार उघडंच. फोनच्या स्टुलापाशी पडलेल्या. रिसीव्हर खाली लोंबत होता. कुणाला तरी फोन लावत होत्या बघा, सर. लागला न्हाई वाटतं."

हे रिसीव्हरचं माझ्या डोक्यात बसलं. ती कुणाला फोन लावत होती? मलाच लावत असणार. लागला का नाही? नंबर फिरवता फिरवताच पडली का? पाहुणे गेल्यावर, तेराव्यानंतर, मी कधी कधी दुपारचा घरी येऊन तो रिसीव्हर उचलायचो आणि कानाला लावून उभा राहायचो. त्यात नुसता टोन यायचा. तो बंद होऊन टुकटुक सुरू झालं, की ठेवून द्यायचो. माझा मोबाइल त्या दिवशी नेहमीसारखा सामानाच्या पिशवीत होता. आलेले फोन त्यात कसे बघायचे, ते मला येत नव्हतं. मॅच चालू असताना मी फोन घ्यायचा नाही आणि कुणी मला आणूनही द्यायचा नाही, हा माझा नियम. पोरींना तो पाठ होता.

दिवाळीनंतर मी परत मैदानावर उभा राहायला लागलो. घरात बसवत नव्हतं.

एक दिवस अफसानाची आई सरावाच्या वेळेला आली. बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची, तशीच आली होती, डोक्याला फडकं बांधून.

"सर, बोलू का जरा?"

"बोला की, भाभी."

"डिसेंबरात ते विभागाचं निवडायला येणार म्हणं."

"येणार. त्यांनी हिला घेतलं तर सरकारी वसतिगृहात राहणं, जेवण, शाळा सगळं व्हईल. तुम्हाला काही बघायला नको."

"आणि न्हाई घेतलं तर?"

मी हातातला बॉल बगलेत मारला.

"न्हाई घेतलं तर ह्यांच्या भावानं इचलकरंजीत स्थळ बघून ठेवलंय. दहावी झाली की झालं. मी अडवून धरलंय, सर, पण माझं किती चालतंय? डिसेंबरपातूर धरती. पुढं माझ्या हातात न्हाई."

"ती पळण्यात कुणाला ऐकणार नाही, भाभी."

"पळती हो. पळायला काय, शेळी पण पळती. हातात टिकंल का त्येवढं सांगा."

त्यांचं बरोबर होतं. आमच्या त्यानंतरच्या सगळ्या मॅचमध्ये अफसानाच्या हातून पास निसटत होते. सरावाला पन्नास पास दिले तर पन्नास झेलायची. मॅचला उभी केली की पहिला हाफ बरा जायचा आणि दुसऱ्यात हात उघडेच राहायचे.

मी दमछाक समजलो. दुसऱ्या हाफमध्येच होतंय, म्हणजे दम कमी पडतोय. टेकडीवर पळवलं, मधल्या वेळेत गूळ-शेंगदाणे दिले. फरक नाही. मग डोळे तपासून आणले. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "हिला घारीसारखं दिसतंय."

मग कवठेमहांकाळच्या मैत्रीच्या मॅचला उलटं झालं. तिथं मैदान वेगळं होतं, आमची बसायची जागा पलीकडं होती. त्या दिवशी तिनं पहिल्या हाफमध्ये सगळे सोडले आणि दुसऱ्यात एकही नाही.

परत येताना प्रणोती म्हणाली, "सर, मी एक सांगू? हिचं हाफचं काय न्हाई. आपण बसतो त्या बाजूला असली की ही सोडती."

"म्हंजे?"

"म्हंजे तुम्ही उभं असता त्या कडेला. तुम्हाला भ्याती ती."

अफसाना मागच्या बाकावर खिडकीला डोकं लावून बसली होती. तिनं ऐकलं असेल.

मग मी ओरडणं बंद केलं. पुढच्या सरावाच्या मॅचला तर मी सामान, पिशवी सगळं एका कडेला ठेवून स्वतः समोरच्या कडेला जाऊन उभा राहिलो. माझ्या बाजूला तिनं सगळे झेलले. पिशवीच्या बाजूला तीन सोडले. मला कळेना. मी नव्हतोच तिथं, मग ती कुणाला भीत होती?

पास हातून का सुटतो, हे मी वीस वर्षं पोरापोरींना सांगत आलो होतो. बॉल हातात यायच्या आधी मान वर होते. समोरची अंगावर येताना दिसते, पुढची मोकळी जागा दिसते, आणि डोळे तिकडं जातात. शेवटचा हातभर बॉल कुणी बघतच नाही. त्यावर माझी एक रीत होती. बॉलच्या दोन्ही टोकांना आणि पोटावर मार्करनं मोठे आकडे लिहायचे. झेलणारीनं बॉल हातात यायच्या आत एक तरी आकडा ओरडून सांगायचा. आकडा सांगितला म्हणजे बॉल बघितला. बॉल बघितला म्हणजे शंभरातले नव्वद हातात राहतात. बाकी हाताचं काम, बोटं वर, कोपर सैल, ते नंतर शिकवता येतं.

निवड चाचणी आठवड्यावर आली होती. त्या संध्याकाळी मी पिशवीच्या बाजूच्या कडेला रांग लावली आणि प्रणोतीला एकामागून एक पास द्यायला सांगितलं.

"सात!" अफसाना ओरडली. झेलला.

"तीन!" झेलला.

"चार!" झेलला.

"बघ की," प्रणोती हसून म्हणाली. "आता आलीस का जाग्यावर? चाचणीला असंच कर, न्हाईतर इचलकरंजीला जाऊन मागावर बस."

"तू गप ग. पास नीट दे आधी. गुडघ्यात टाकतीस."

"गुडघ्यात? सर, बघा ही! माझा पास गुडघ्यात म्हणं!"

पोरी हसायला लागल्या. मीही हसलो असेन. पुढचा पास चांगला खांद्याच्या उंचीला गेला, आणि त्याच वेळेला पिशवीत माझा फोन वाजला.

बॉल अफसानाच्या छातीवर आपटला आणि खाली पडला. तिनं हात वरसुद्धा केले नव्हते. ती पिशवीकडं बघत उभी होती. बाटल्यांच्या मधून फोन वाजत होता. ती पिशवीच्या सगळ्यात जवळ होती.

"आकडा कितीचा होता?" मी विचारलं.

"दिसला न्हाई, सर."

"बरं, तो फोन दे आधी उचलून."

ती हलली नाही.

"अगं, वाजतोय तो. सराव चाललाय, मॅच नव्हं. दे."

"मी न्हाई उचलणार, सर." ती एक पाऊल मागं सरली. "मी परत न्हाई उचलणार."

फोन बंद झाला. प्रणोती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "प्रणोती, सगळ्यांना घेऊन दोन चकरा मार. शेडच्या पलीकडून."

त्या गेल्या. बेदाण्याच्या शेडच्या सावल्या मैदानावर आल्या होत्या. अफसाना तशीच उभी होती, दोन्ही हात जर्सीच्या बाह्यांत ओढून.

"परत म्हंजे काय गं?"

तिनं मान खाली घातली.

"मिरजेला उचलला होतास?"

तिनं मान हलवली.

"कुणाचा होता?"

मला ठाऊक झालं होतं, तरी मी विचारलं.

"काकींचा."

मी खाली गवतात बसलो. तिला म्हणालो, "बस." ती बसली नाही.

"फायनलच्या आधी. तुम्ही मैदान बघायला गेला होता. मी पिशवीतनं पाण्याची बाटली काढत होते, फोन वाजला. घर असं आलं होतं वर. मला वाटलं, काकी आहेत, बोलावं. त्या म्हणाल्या, कोण, अफसाना का? मी म्हटलं, होय काकी, फायनल आहे आमची. त्या म्हणाल्या, सर कुठं आहेत? म्हटलं, बोलवू का? तर थोडा वेळ काय बोलल्याच न्हाईत. नुसता श्वास येत होता. मग म्हणाल्या, छातीत दुखायलंय गं जरा. घाम आलाय. मी म्हटलं, सरांना बोलवती. तर म्हणाल्या, नको. फायनल होऊ दे. मग सांग."

"असं म्हणाली?"

"फायनल होऊ दे म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. त्यांना मोडता घालू नकोस, म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, तू बॉल बघून घे, पळायची घाई करू नको. मग कायतरी पडल्यासारखं वाजलं. मी काकी काकी केलं. परत कोण बोललंच न्हाई."

"आणि तू फोन ठेवलास."

"ठेवला. पिशवीत ठेवला. तुम्ही आला. तुमचा नियम होता, सर. आणि काकी पण नको म्हणाल्या होत्या." ती आता मोठ्यानं रडायला लागली. "मला वाटलं, फायनल लवकर संपंल. पहिल्या हाफमध्ये आपण पलीकडं होतो. दुसऱ्यात मी पिशवीपाशी आले. मला वाटायचं परत वाजतोय, परत वाजतोय. आता वाजला तर कोण उचलणार? सगळ्यात जवळ मीच. तुम्ही ओरडला तेव्हा सांगणारच होते मी. बोलता आलं न्हाई."

शेडच्या मागून पोरींच्या पळण्याचा आवाज येत होता. पहिली चकर झाली होती.

"मी तेव्हाच सांगितलं असतं तर, सर?"

मी गवत उपटत राहिलो.

"तुम्ही निघाला असता. कुणाला तरी फोन केला असता, सावंत काकूंना. डॉक्टर आले असते. मला रोज वाटतं. सांगितलं असतं तर काकी असत्या का? खरं सांगा."

ती माझ्यासमोर उभी होती. आठ दिवसांनी तिची चाचणी होती. मी वर बघितलं आणि म्हणालो, "नाही."

"काय नाही?"

"नसती राहिली. डॉक्टर म्हणाले मला. फोन करताना व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. मी उडत आलो असतो तरी उपयोग नव्हता. कुणी शेजारी बसलं असतं तरी नव्हता."

"खरंच म्हणाले?"

"खरंच."

"कोणते डॉक्टर?"

"आपले देवल डॉक्टर. स्टँडजवळचे. तेच आले होते घरी."

"कवा म्हणाले?"

"त्याच दिवशी."

"काकींची शप्पथ?"

"काकींची शप्पथ."

तिनं बाहीनं तोंड पुसलं. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. पोरगी नववीतली होती, पण समोरचा खोटं बोलतोय का ते मोठी माणसं बघतात, तसं बघत होती. मी नजर हलवली नाही. मग ती खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली. हे रडणं वेगळं होतं.

पोरी दुसरी चकर संपवून आल्या. प्रणोतीनं दोघांकडं बघितलं आणि काही न विचारता बॉल उचलला.

"सर, अंधार पडायलाय. बास करायचं?"

अफसाना उठली. "दहा दे अजून," ती म्हणाली. "ह्याच बाजूनं."

"गुडघ्यात देऊ का?"

"दे की कुठं बी."

तिनं दहाचे दहा घेतले. शेवटच्या दोन पासांचे आकडे मला स्वतःला दिसत नव्हते. ती ओरडत होती, तेव्हा बरोबरच असणार.

चाचणीच्या मैदानावर मी फोन माझ्या खिशात ठेवला आणि तिला दाखवून ठेवला. तिनं मान हलवली. वेगवेगळ्या शाळांच्या पोरी मिसळून संघ केले होते, पास देणारी ओळखीची नव्हती, पास वाकडेतिकडे येत होते. तिनं एक सोडला. बाकीचे सगळे घेतले. यादीत तिचं नाव वाचलं तेव्हा तिची आई तिथं नव्हती, शेडवर होती. मी संध्याकाळी शेडवर जाऊन सांगितलं. भाभींनी हातातलं सूप खाली ठेवलं, फडक्यानं हात पुसले आणि म्हणाल्या, "टिकलं म्हणायचं, सर."

याला बरीच वर्षं झाली. अफसाना आता नाशिकला पोलिसात आहे. राज्याकडून खेळली. आता सुटीच्या दिवशी तिथल्या पोरींना शिकवते. अधूनमधून तिचा फोन येतो. "सर, माझ्या कडेच्या पोरी पास सोडायला लागल्यात. डोकं फिरायची वेळ आलीय." मी विचारतो, "आकडे लिहिलेस का?" ती म्हणते, "लिहिलेत, सर. आकडा बरोबर सांगतात आणि बॉल सोडतात." मग आम्ही त्यावर अर्धा तास बोलतो. शालनचं ती फोनवर बोलत नाही.

मागच्या ईदला ती घरी आली होती, शिरखुर्म्याचा डबा घेऊन. जाताना दारात थांबली.

"सर, मला एकदा देवल डॉक्टरांना भेटायचंय."

"कशाला गं?"

"आभार मानायचेत. त्यांनी तुम्हाला ते सांगितलं नसतं, आणि तुम्ही मला, तर मी खेळले नसते. त्यांना ठाऊकसुद्धा नसंल."

"ते फार कामात असतात," मी म्हणालो.

"मग दिवाळीत भेटती. तवा सुटी मोठी आहे."

देवल डॉक्टरांनी मला काहीही सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी मिरजेहून घरी पोचलो, तेव्हा ते अंगणात उभे होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लोंढे सर, एक बोलायचं होतं." मी म्हणालो, "नंतर बोलू." आणि आत शालनकडं गेलो. ते थोडा वेळ थांबले आणि गेले. तेव्हा त्यांना काय बोलायचं होतं, ते मला माहीत नाही. तुमच्याच्यानं काही झालं नसतं, असंही असेल. तासभर आधी कळवलं असतं तर, असंही असेल.

दवाखाना अजून स्टँडजवळच आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मी दर महिन्याला तिथं जातो. डॉक्टर आता थकलेत, हळू लिहितात. चिठ्ठी देताना चष्म्यावरून बघून विचारतात, "आणखी काही, सर?" मी नाही म्हणतो आणि उठतो.

दिवाळीला अफसाना येणार आहे. त्या दिवशी काय बोलायचं होतं, ते डॉक्टरांना मी अजून विचारलेलं नाही.